ताकदीची गोळी

माझा आवाज मोठा आहे. ऑफिसात साहेबसुद्धा फाईल मागण्याआधी माझा चेहरा बघून घेतात, आणि घरातलं तर विचारूच नका. मला या आवाजाचा अभिमान होता. गेल्या थंडीत याच आवाजाने मी माझ्या आईला मरणाच्या दारात नेलं. निघाले होते तिचं भलं करायला.

आई म्हणजे द्रौपदाबाई. वय अडुसष्ट, मुक्काम पहूर. जन्मभर दुसऱ्यांच्या शेतात निंदणी केली, कापूस वेचला आणि गुडघ्यांची पार वाट लावून घेतली. माझा धाकटा भाऊ युवराज तिच्याजवळ राहतो. मी धुळ्याला, देवपुरात, नोकरीमुळे. अडीच वर्षांपूर्वी तिला मोरीपर्यंत जाणंही जड झालं, तेव्हा शेजारणींनी तिला रतिलालकडे नेलं.

हा रतिलाल पूर्वी एका डॉक्टरकडे कंपाउंडर होता. डॉक्टर वारले, कंपाउंडर उरला. आता तो बाजारातल्या एका गाळ्यात तीन मोठ्या बरण्या मांडून बसतो. गोळ्या पट्टीतून आधीच काढून बरण्यांत भरलेल्या असतात, म्हणजे नाव वाचायची सोयच नाही. समोर वर्तमानपत्राचे चौकोनी तुकडे पसरायचे, प्रत्येकावर तिन्ही बरण्यांतली एकेक गोळी टाकायची आणि घडी घालायची. एक दुखण्याची, एक पित्ताची, एक ताकदीची. सकाळी एक पुडी, संध्याकाळी एक, आठवड्याच्या चौदा. अख्ख्या परिसरातल्या बायका बाजाराच्या दिवशी भाजीच्या पिशवीतून या पुड्या घरी नेतात.

आईला तिसऱ्या दिवशी गुण आला. ती उठून चालायला लागली, भूक वाढली, अंग भरलं. सुकलेला चेहरा चंद्रासारखा गोल झाला. भाऊबीजेला आली तेव्हा मीच म्हणाले, "माय, तब्येत झाली की तुही." मला बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

मग हळूहळू एकेक सुरू झालं. रक्तात साखर निघाली. हाताला भाजीची टोपली घासली तरी जांभळे डाग उठायचे. गेल्या दिवाळीत ओट्यावरून साधी खाली बसायला गेली आणि मनगट मोडलं. प्लास्टर घालणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं, कसली औषधं चालू आहेत. युवराजने पुडी दाखवली. त्यांनी पुडी हातातही घेतली नाही. ही ताबडतोब मोठ्या डॉक्टरला दाखवा, एवढंच म्हणाले. युवराजने ते मला फोनवर सांगितलं. मी त्यातलं ताबडतोब तेवढं ऐकलं.

मी आईला धुळ्याला घेऊन आले. तिच्या पिशवीत साडीच्या घडीखाली पुड्यांचा जुडगा होता.

"हे फेकायचं," मी म्हणाले.

"मंग मी चालू कशी?"

"मी चांगल्या डॉक्टरला दाखवते."

"दाखव न. पन तवलोक घेऊ दे."

आठ दिवस हेच चाललं. मी ऑफिसला गेले की ती पुडी घ्यायची आणि कागद उशीखाली सारायची. चांगल्या डॉक्टरकडे न्यायचं मात्र माझ्या कामांच्या गर्दीत राहून गेलं. एका सकाळी उशीखालचे कागद माझ्या हाती लागले आणि माझं डोकं फिरलं. मला जिव्हारी लागेल असं बोलता येतं. तसं मी बोलले.

"बाबांची बाटली आणि तुही पुडी, फरक काय? त्यांनी लपवून पिली, तू लपवून खाते. नशा ती नशाच. विहारात हात जोडून पाचवं शील म्हणते न तू? मग हे काय?"

माझे वडील, प्रेमराज, दारूने गेले. आईने त्यांच्यापायी वीस वर्षं जे काढलं ते मी डोळ्यांनी बघितलेलं आहे. आमच्या घरात पाचवं शील म्हणजे नुसतं म्हणायचं वाक्य नाही. मादक पदार्थाला शिवणार नाही, हे आई दर पौर्णिमेला इतकं ठासून म्हणते की शेजारची बाई वळून बघते. मला हे सगळं माहीत होतं. पुडी म्हणजे दारू नव्हे, हेही मला माहीत होतं. मी ते वाक्य मुद्दाम वापरलं, कारण ते लागू पडणार होतं.

दोन दिवसांनी पौर्णिमा होती. विहारात वंदना झाल्यावर ती आपणहून उठली, मूर्तीसमोर उभी राहिली आणि पाचवं शील एकटीने, सगळ्यांदेखत, पुन्हा घेतलं. घरी येऊन तिने उरलेल्या पुड्या माझ्या हातात दिल्या. मी त्या संडासात टाकून वर दोन बादल्या पाणी ओतलं. त्या दुपारी मी शिरा केला. इतकी मी खूश होते.

पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी तिचे गुडघे ठणकायला लागले, मग सगळंच अंग. तिसऱ्या दिवशी अन्न जाईना. "मळमळते," म्हणाली. मी म्हणाले, नशा उतरताना असंच होतं, बाबांना नव्हतं का होत, चार दिवस कळ काढ. तिने काढली. चौथ्या दिवशी दोनदा उलटी झाली, उठताना तोल गेला. मी लिंबूसरबत दिलं आणि ऑफिसला गेले. हे लिहिताना माझा हात जड होतो, पण मी गेले.

पाचव्या दिवशी सकाळी चहा घेऊन गेले तर आई उठेना. डोळे अर्धे उघडे, कपाळावर घाम, आणि अंग थंड. हात उचलला तर तो माझ्या हातातून ओघळून खाली पडला. मी हाका मारल्या. ती कुठूनतरी लांबून "हं" म्हणाली.

शेजारच्या कोकिळाबाईंनी रिक्षा थांबवली आणि आईला धरायला त्याही बसल्या. "घाबरू नको बहीन, बठ्ठं बरं व्हई जाई," सगळं बरं होईल, असं त्या आपल्या अहिराणीत सारख्या म्हणत होत्या. मी आईच्या नाकाखाली बोट धरून बसले होते.

दवाखान्यात पहिला प्रश्न तोच आला, रोजची औषधं कोणती.

"एकही नाही," मी म्हणाले. अगदी मान वर करून म्हणाले. "कसलीच गोळी घेत नाही."

त्यांनी ते कागदावर लिहिलं. उलट्यांनी पाणी कमी झालं असेल म्हणून सलाईन लावलं. एक बाटली गेली, दुसरी लागली, पण रक्तदाब सत्तरच्या वर येईना. साखरेच्या पेशंटची साखर खाली गेलेली. नर्स पुन्हा पुन्हा दंडाला पट्टा बांधायची, आकडा बघायची आणि माझ्याकडे न बघता निघून जायची. मी भिंतीला टेकून उभी होते. माझा तो मोठा आवाज कुठे गेला होता कोण जाणे. एका आयाला मी पाणी मागितलं तर तिला ऐकूसुद्धा गेलं नाही.

साडेदहाच्या सुमाराला डॉक्टर अलफिया आल्या. वयाने माझ्या पुतणीएवढ्या. त्यांनी यंत्राकडे आधी बघितलंच नाही, आईच्या चेहऱ्याकडे बघितलं. मग हाताची कातडी चिमटीत धरून बघितली, ते जांभळे डाग बघितले. पदर बाजूला करून मानेमागचा चरबीचा उंचवटा चाचपला.

"यांना गुडघेदुखी आहे?"

"हो."

"गावाकडे त्यासाठी काही घ्यायच्या? पुडी वगैरे?"

"घ्यायची. आता बंद आहे. मी बंद केली."

"कधी?"

"पाच दिवस झाले."

त्या वळल्या आणि नर्सला एका इंजेक्शनचं नाव सांगितलं. ओरडल्या नाहीत, पण नर्स पळत गेली. सुई सलाईनच्या नळीत जाताना मी बघितली. मग त्यांनी मला बाजूला घेतलं.

"ताई, पुडीत स्टिरॉइड असणार. बायका जिला ताकदीची गोळी म्हणतात ती. आपल्या शरीरात हे औषध रोज थोडं थोडं आपोआप तयार होतं. त्यावर रक्तदाब टिकतो, साखर टिकते. बाहेरून वर्षानुवर्षं फुकट मिळायला लागलं की शरीर स्वतःचा कारखाना बंद करतं. तुम्ही बाहेरचं एका दिवसात तोडलंत. आतलं तर आधीच बंद होतं. त्यांच्याकडे आता काहीच नाही."

"पण ते वाईटच होतं ना, डॉक्टर?"

"वाईटच होतं. हाडं पोकळ केली, साखर वाढवली, कातडी कागदासारखी केली. पण सोडायची एक पद्धत असते. महिनोन् महिने, थोडं थोडं कमी करत. एकदम सोडलं तर माणूस जातो."

माणूस जातो, हे त्या इतक्या साध्या आवाजात म्हणाल्या की मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी खालीच बसले.

पुढचे उपचार ठरवायला कोणती गोळी आणि किती ताकदीची, हे त्यांना हवं होतं. मी रतिलालला फोन लावला. लावताक्षणी माझा आवाज परत आला. म्हणाले, माझी आई मरायला टेकली आहे, तुला पोलिसात देते, खडी फोडायला लावते. त्याने फोन कापला. पुन्हा लावला तर बंद. युवराज मोटरसायकलवर बाजारात पोचला तेव्हा गाळ्याचं शटर खाली होतं आणि बरण्यांसकट माणूस गायब. एका फोनमध्ये मी ते एकमेव तोंड बंद करून टाकलं होतं. काचेपलीकडे आई निजलेली दिसत होती, छाती हलतेय की नाही ते इथून कळत नव्हतं. मला वाटलं, आज मी जे बोलेन त्याने ती मरेल.

युवराजला माझ्यासारखं बोलता येत नाही, आणि त्यानेच काम झालं. तो रतिलालच्या घरी गेला आणि ओट्यावर बसला. म्हणाला, "नाना, मी भांडाले नाही आलो. माह्या मायले वाचवायचं हाय. नुसतं नाव सांगा." अर्धा तास तो तसाच बसून राहिला. शेवटी रतिलालने दार किलकिलं केलं आणि मूळ खोक्याचा फाटका पुठ्ठा बाहेर टाकला. त्याचा फोटो माझ्या मोबाईलवर आला. डॉक्टरांनी तो बघितला, मनाशी हिशोब केला आणि ओठ आवळले. रोज दोनदा, अडीच वर्षं.

संध्याकाळपर्यंत आईचा रक्तदाब शंभरावर आला. तिने डोळे उघडले आणि चहा मागितला. मी रडले, आणि ते लपवायला बाहेर गेले.

सगळं निभावलं असं मला वाटलं. पण तिसऱ्या दिवशी इंजेक्शन बंद होऊन तोंडाने गोळी सुरू झाली. आईने विचारलं, कसली गोळी. नवी नर्स होती बिचारी, तिने सरळ सांगून टाकलं, तुमच्या पुडीत होती त्याच जातीची.

आईने ओठ मिटले. म्हणाली, "मी शील घेतलेलं हाय."

मी समजावलं. डॉक्टरांनी समजावलं की हे औषध आहे, मोजून दिलेलं आहे, पंधरा दिवसांनी थोडं, मग आणखी थोडं कमी होईल, वर्षही लागेल, पण मध्येच सोडायचं नाही. आई ऐकत राहिली. शेवटी तिने गोळी जिभेवर ठेवली, पाणी प्याली. मी सुटकेचा श्वास टाकला. घरी सोडताना डॉक्टरांनी मला दारापर्यंत येऊन बजावलं, "पुन्हा असं झालं आणि यायला उशीर झाला, तर माझ्या हातात काही राहणार नाही."

घरी मी घड्याळ लावून सकाळी आठला गोळी द्यायचे. आई मुकाट्याने घ्यायची. चौथ्या दिवशी रविवार होता. ती भाजी निवडत बसली होती आणि एकदम तिच्या हातातली जुडी खाली पडली. "गरगरते," म्हणाली. कपाळाला हात लावला तर ओलं. तोच घाम. मी तो ओळखला.

तिचा चष्मा काढून ठेवायला मी डबी उघडली. आत, कापडाखाली, चार गोळ्या होत्या. एका बाजूने विरघळलेल्या, मग वाळलेल्या.

मी डॉक्टरांना फोन केला. त्या म्हणाल्या, आत्ताच्या आत्ता दुप्पट डोस द्या आणि घेऊन या. उलटी सुरू झाली तर गोळी पोटात राहणार नाही, रस्त्यातही काही होऊ शकतं, म्हणून आधी गोळी. कोकिळाबाई रिक्षा बघायला धावल्या.

मी दोन गोळ्या आणि पाणी आईपुढे धरलं. तिने मान फिरवली.

"माय, घे."

"नाही."

"मरशीन तू."

"तुहे बाबा पिऊन मेले. मी न खाता मरीन. वर तोंड दाखवाले तर जागा राहीन."

आधी मला राग आला. तिचा जबडा धरून गोळ्या कोंबाव्यात असं वाटलं. मग वाटलं, दोन चमचे चहात विरघळवून पाजाव्यात, तिला कळणारसुद्धा नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन वाटी घेतलीसुद्धा. गोळ्या वाटीत टाकल्या आणि चमच्याने दाबणार, तोच हात थांबला. एका लबाडीने तिला इथवर आणलं होतं. दुसरी तिला कळली, तर ती माझ्या हातचं पाणीही पिणार नाही, आणि पुढे वर्षभर रोज हीच गोळी होती.

मी वाटी घेऊन परत आले आणि तिच्यासमोर जमिनीवर बसले. बाहेरून रिक्षाचा आवाज येत होता.

"माय, मी खोटं बोलली," मी म्हणाले. "पुडी नशा नव्हती. मले माहीत होतं. तू ऐकत नव्हती म्हणून तुले बाबांचं नाव घेऊन भेवाडलं. शील तू नाही मोडलं. मी मोडलं. चौथं. खोटं बोलायचं नाही ते."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिचे ओठ पांढरे पडले होते. मला वाटलं ती ऐकतच नाहीये, वेळ गेली.

"माहीत होतं तुले?" तिने विचारलं.

"हो."

"अन् तरी म्हनली. बाबाचं नाव घेऊन."

"हो, माय."

दारात कोकिळाबाई उभ्या होत्या, चला म्हणून खुणावत होत्या. आईने हात वर करून त्यांना थांबवलं.

"म्हन," ती म्हणाली.

"काय?"

"चौथं. माह्यासमोर म्हन. मंग घेते."

मी हात जोडले. इतक्या वर्षांत पाठ झालेलं, झोपेतही म्हणता येईल असं ते शील, माझ्या तोंडून फुटेना. दोनदा अडखळले. आईच्या कपाळावरचा घाम भुवईपर्यंत उतरलेला मला दिसत होता, आणि ती वाट बघत होती. तिसऱ्या वेळी मी ते शेवटपर्यंत म्हटलं. कोकिळाबाईंनाही ऐकू गेलं नसेल इतक्या बारीक आवाजात म्हटलं.

आईने वाटीतल्या दोन्ही गोळ्या उचलल्या, तोंडात टाकल्या, पाणी प्याली. मग आपणहून माझ्याकडे वळून तिने तोंड उघडलं, जीभ वर उचलली, आणि मी नीट बघेपर्यंत ती तशीच उचलून धरली.